तिसऱ्या पेवाचं तोंड

"तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं आता कोण आहे?" मुजावर मॅडमनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"गोदामामी आहेत की," शेजारून वृषाली म्हणाली.

मी बायकोकडे बघितलं. नवऱ्याच्या नजरेचा अर्थ बायकोला बरोबर कळतो म्हणतात. वृषालीला तो कळला आणि तिने तो बाजूला ठेवून दिला. "हरिपूरला असतात," ती मॅडमना सांगू लागली. "ह्याची आई हा नऊ वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून मामींनीच ह्याचं सगळं केलं. नात्यातल्या नाहीत, ह्यांच्याकडे कामाला होत्या. पण ह्याला आतून-बाहेरून त्याच ओळखतात."

"मग त्यांना घेऊन या," मॅडम म्हणाल्या. "हेमंतराव, हा फॉर्म तुम्ही महिनाभर टाळताय. एडीएचडी, हे लक्ष न टिकणं, माणसाला तिशीत उगवत नाही. लहानपणी कसं होतं ते कळलं की आत्ताचं नीट बेतता येतं. शाळेची प्रगतिपुस्तकं तरी आहेत का?"

प्रगतिपुस्तकं मी हरवली होती. मॅडम म्हणाल्या, हा अर्धा पुरावाच झाला. वृषाली हसली, मीही हसलो.

हे आठ वर्षांपूर्वीचं आहे. मॅडम समुपदेशक; त्यांच्या दोन खोल्या मिरजेत एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होत्या आणि आम्ही सांगलीहून दर गुरुवारी तिथे जायचो. आमची मनवा तेव्हा पाच महिन्यांची होती. एक तारखेला वृषालीची रजा संपून ती जयसिंगपूरच्या बँकेत पुन्हा रुजू होणार होती. मी घरात बसून कुपवाडच्या कारखान्यांसाठी यंत्रांची ड्रॉइंग्ज करायचो. म्हणजे दिवसभर मनवा माझ्याकडे राहणार, हे कुणीही डोळे झाकून ठरवलं असतं.

पण पाच महिन्यांत मी मनवाबरोबर घरात एकटा दहा मिनिटंसुद्धा राहिलो नव्हतो. वृषाली भाजीला निघाली की मी पिशवी घेऊन तिच्या आधी जिन्यात. ती आंघोळीला गेली की शेजारच्या बिरनाळे काकूंना हाक. सुरुवातीला तिला गंमत वाटली. मग आळस वाटला. मग वाटलं, ह्याला मूलच नको होतं. एका रात्री मनवाला थोपटत ती म्हणाली, "तू तिला घेऊन बसणार नसलास तर मी नोकरी सोडेन. पण मग आपल्या दोघांचं काही खरं नाही, हेमंत. मी तुला माफ करू शकणार नाही." ती भांडत नव्हती. नुसतं सांगत होती, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

मॅडमकडे मला तिनेच आणलं होतं. एका डॉक्टरांनी गोळी सुरू केली, बाकीचं मॅडमनी हातात घेतलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला डायरी दिली, ती मी रिक्षात विसरलो. दुसरी दिली, ती घरातच होती पण सापडत नव्हती. तिसरी काढायला त्या कपाटाकडे गेल्या आणि मध्येच थांबल्या. "डायरी ही माझ्या सोयीची वस्तू आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोक्याला काय सोयीचं पडतं ते सांगा. कुठलं काम तुम्ही अर्धवट सोडत नाही?"

"ड्रॉइंग."

"मग मनवाच्या दिवसाचं ड्रॉइंग करून आणा."

मी केलं. यंत्र खोलून त्याचे भाग ओळीने मांडतात ना, तसा तिचा सगळा दिवस सुटा करून मोठ्या कागदावर मांडला. बाटली, उकळतं पाणी, औषधाचा थेंब, लंगोट, आंघोळ, झोप. कोणता भाग कशाच्या आधी बसतो, बाण कुठून कुठे जातो, तपासणी कुठे करायची. मॅडम दहा मिनिटं तो कागद बघत बसल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो लागला आणि खरोखर चालायला लागला. वृषाली घरात असताना मी सगळं बिनचूक करायचो. ती चप्पल घालू लागली की माझे हात थंड पडायचे.

"यंत्र तर झकास चाललंय," मॅडम म्हणाल्या होत्या. "मग ऑपरेटर का पळतोय?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. ते मी मॅडमना सांगितलं नव्हतं, वृषालीलाही नाही.

आमच्या घराची हळदीची अडत होती आणि हरिपुरात आमची पाच पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं पंचवीस फूट खोल कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत चांगली खोलीएवढी जागा. त्यात हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकायचं, की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. लागत नाही कारण आत श्वास घेण्यासारखी हवाच उरत नाही. म्हणून पेव उघडून लगेच कुणी उतरायचं नसतं. आदल्या संध्याकाळी तोंड उघडून रात्रभर मोकळं ठेवायचं. सकाळी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तो तळाशी जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. हे हरिपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी शेंबडा नव्हतो, पंधरा वर्षांचा होतो. दहावीची परीक्षा संपली होती. संध्याकाळी माझे वडील, म्हणजे अण्णा, म्हणाले, "हेमू, उद्या नऊला लॉरी येतीय. तिसऱ्या पेवाचं तोंड उघडून ठेव. आत्ता जा. वाटेत कुठं रेंगाळत बसू नको." मी पहार घेऊन निघालो, हे मला आठवतं. वाटेत घाटावर नावेला डांबर फासत होते, तिथे बघत उभा राहिलो, हेही आठवतं. डांबराचा वास आजही आठवतो. त्यापुढचं काही आठवत नाही.

सकाळी सगळे गेलो तेव्हा तिसऱ्या पेवाचं तोंड उघडं होतं. माती खरवडलेली, फरशी बाजूला सारलेली. उघड्या तोंडावर काट्याची फांदी टाकायची पद्धत असते, ती नव्हती. पण फांदी विसरणं हे तर माझंच काम होतं. शिदूमामा, म्हणजे गोदामामीचा नवरा, आमच्याकडे वीस वर्षं पेवात उतरत होता. त्याने काचा मारला, गालात तंबाखू सरकवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हेमू, रातभर उघडं हुतं न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे त्यो कंदील. लॉरीवाला खोळंबलाय."

दोराला धरून तो उतरला. अण्णांनी वरून हाक मारली. परत मारली. तिसरी हाक मारताना अण्णांचा आवाज बदलला होता.

त्याला वर काढायला तासभर लागला. गावाने म्हटलं, पेवाचा काय भरवसा. पंचनामा झाला, अण्णांनी मामीला राहती खोली कायमची देऊन टाकली, आणि मला कुणी म्हणजे कुणीही काहीही विचारलं नाही. पण रात्रभर उघडं असतं तर मामा मेला नसता, एवढं पंधरा वर्षांच्या पोराला कळतं. मी 'हो' म्हणालो ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. तोंड उघडं दिसलं, उघडायचं काम माझं होतं, म्हणजे मीच उघडलं असणार. माझी निम्मी कामं मला अशीच समजायची. घागर भरलेली दिसली की मी भरली असणार. पण उघडलं तर कधी? रात्री? पहाटे? झोपेत? मी सतरा वर्षं रोज ती संध्याकाळ घाटापासून पुढे नेऊन बघायचो आणि ती डांबराच्या वासापाशी संपायची.

आणि मामाचा आवाज यायचा. गॅसचा खटका बंद केला की, दाराला कुलूप घातलं की, मागून, गालात तंबाखू धरून बोललेला. रातभर उघडं हुतं न्हवं? मी परत फिरून गॅस बघायचो. मनवा झाल्यावर तो आवाज दिवसातून वीस-वीसदा यायला लागला. मला भुताखेतांवर विश्वास नाही. पण ज्याच्या स्वतःच्या डोक्यातच काय घडलं ते लिहिलेलं नाही, त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

मामीला मी टाळायचो. त्याच जूनमध्ये शिकायला सांगलीला आलो, तो पुन्हा हरिपूरला राहायला गेलो नाही. दर दिवाळीला लुगडं आणि फराळ घेऊन हरिपूरला जायचो, उंबऱ्यातच ठेवायचो. ती म्हणायची, "बस की रं जरा." मी म्हणायचो, गाडी वाटेत लावलीय. सतरा वर्षं माझी गाडी वाटेतच लावलेली होती.

पुढच्या गुरुवारी वृषालीने तिला आणायला मलाच पाठवलं. मनवाला घेऊन ती घरी थांबली.

मामी दारातच तयार होऊन बसली होती. साठी ओलांडलेली, हाडं निघालेली, पण पाठ ताठ. गाडीत बसताना तिने विचारलं, "डाक्टरीन काय इचारनार?"

"मी लहानपणी कसा होतो ते."

"आन् मग?"

"मग मला मनवाकडे बघता येईल का ते ठरेल."

ती मिरजेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. तिने काय सांगावं आणि काय सांगू नये, हे तिला सांगायचं म्हणून मी तीनदा तोंड उघडलं. तीनदा मिटलं.

मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. फॉर्म पुढ्यात घेऊन त्या विचारू लागल्या. "हेमंतराव लहानपणी वस्तू हरवायचे का?"

मामी खुदकन हसली. "बाई, हरवायचा कसला, वाटत फिरायचा. एका पायात चप्पल घालून शाळंत गेलाय ह्यो. मास्तरनं इचारलं दुसरी कुठाय, तर खाली बघून म्हनतोय, अगं बया, खरंच की!"

मॅडम हसल्या. मीही हसलो. मला ते आठवत नव्हतं.

"सांगितलेलं काम पूर्ण करायचे?"

"निघायचा तर लगी. न्हाई म्हनायचा न्हाई कवा. कढीपत्ता आनायला धाडलं, तर दिवस मावळता आला. हातात कढीपत्ता न्हाई, कुत्र्याचं पिल्लू. पर मनानं लई चांगलं पोरगं, बाई. त्ये तेवढं ल्ह्या."

"लिहिते," मॅडम म्हणाल्या आणि खरंच लिहिलं. "काम राहिलं तर काय व्हायचं मग?"

"अण्णा मारायचं. त्यांचा हात लई वाईट. पट्टा, फोक, हातात घावंल त्ये. पोराला आई न्हाई." मामीने पदर सारखा केला. "म्हनून मग मीच करायची."

"काय करायच्या?"

"ह्याच्या मागनं. घागर भरायची ऱ्हायली, की मी भरायची. गुरांना वैरन टाकायची ऱ्हायली, मी टाकायची. कुनाला कळू द्यायची न्हाई."

मॅडमचं पेन थांबलं. "ह्यांना कळायचं का, की ते काम तुम्ही केलंय?"

"न्हाई वो. त्याला वाटायचं, त्यानंच केलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं, तिचं कर्कश गाणं वाजत होतं. ते थांबेपर्यंत मी थांबलो.

"मामी," मी म्हणालो, "तिसरं पेव?"

ती माझ्याकडे बघेना. मांडीवरचे दोन्ही हात तिने उलटे करून तळवे बघितले, आणि मला कळलं की हा प्रश्न यायचा होता हे तिला हरिपुरातून निघतानाच ठाऊक होतं.

"पहाटंचं पाच वाजलं हुतं," ती म्हणाली. "झाडलोटीला गेलते. बघते तर तोंड लिंपलेलं तसंच, आन् तुजी पहार घाटावर पडल्याली मला येताना दिसल्याली. म्हनलं, आता अण्णा ह्याला जित्ता सोडत न्हाईत. लॉरी यायची हुती न्हवं. पहार आनली, माती काढली, फरशी सारली. चार तास हाईत, म्हनलं. आन् कंदील तर सोडतीलच."

"तुम्ही तिथे होता का मग? नऊ वाजता?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

"हुते की. खराटा घेऊन. आमच्या मालकांनी उतरायच्या आदी ह्याला इचारलं, रातभर उघडं हुतं का. ह्यो हो म्हनला." ती पुढे बोलत राहिली, कारण आता थांबायचं नाही असं ठरवूनच ती आली होती. "मी आईकलं. मी तोंड उघडलं न्हाई. सांगितलं असतं तर पोराला मार बसला असता, म्हनून गप ऱ्हायले. मालक माज्याम्होरं उतरलं, बाई. मी खराटा धरून बघत हुते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मी हात लावला नसता, तर काय झालं असतं?" मामी मला विचारत होती. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे बघितलं. "अण्णांनी तुला दोन थोबाडीत दिल्या असत्या, हेमू. लॉरी माघारी गेली असती. दोन थोबाडीत. रोज मोजते मी त्या."

मला काय वाटलं ते खरं सांगतो. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा दगड सरकला, आणि त्याच क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खुर्चीवरून उठलो. मग राग आला. सतरा वर्षं ही बाई मला वेड लागताना उंबऱ्यातून बघत होती आणि एक शब्द बोलली नाही. मग ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती बघितली आणि रागही टिकला नाही. तिने त्या दिवशी नवरा गमावला होता. माझा मार वाचवायला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कवा बसलास का माज्याजवळ?" ती म्हणाली. "दर दिवाळीला ठरवायची. आज सांगते म्हनायची. तू उंबऱ्यातनंच पळायचास. मला वाटायचं, तुला समदं ठावं हाय. माजं त्वांड बघवत न्हाई म्हनून पळतोय."

मी पुन्हा खुर्चीत बसलो. मला वाटत होतं, मी मामाला मारलं म्हणून ती माझ्याकडे तशी बघते. तिला वाटत होतं, तिने मारलं म्हणून मी तिच्याकडे बघत नाही.

मग मॅडमनी मला एकच विचारलं. "हेमंतराव, त्या सकाळी तुम्हाला आठवत नव्हतं. मग 'आठवत नाही' असं का नाही म्हणालात?"

मी उत्तर शोधलं. तोंड उघडं होतं म्हणून, असं म्हणणार होतो. पण ते खरं नव्हतं. "आमच्या घरात 'केलं' म्हटलं तर मार नसायचा," मी म्हणालो. "'नाही केलं' म्हटलं तर पट्टा. 'आठवत नाही' म्हटलं तर दुप्पट. अण्णांना ते सगळ्यात मोठं खोटं वाटायचं."

मॅडमनी फॉर्म बाजूला सारला. "तुमच्या ड्रॉइंगमध्ये मी काही बदलणार नाही," त्या म्हणाल्या. "माणसांमध्ये बदलायला लागेल. घरात कुणीही ह्यांचं काम ह्यांच्या मागे करायचं नाही. वृषालीताईंनी नाही, मामी, तुम्ही तर अजिबात नाही. राहिलेलं दिसलं तर तोंडाने सांगायचं. आणि ह्यांनी जे आहे ते म्हणायचं. त्यावर घरात कुणी आवाज चढवायचा नाही. जमेल?"

"मला कोन बलिवतंय त्यांच्या घरात," मामी म्हणाली.

"मी बोलावतो," मी म्हणालो.

परतताना आम्ही थेट सांगलीला आलो. वृषालीने दार उघडलं, आमची तोंडं बघितली आणि काही न विचारता मनवाला मामीच्या मांडीवर ठेवलं. मग मी तिला सगळं सांगितलं, पेवापासून, मामीसमोरच. तिला ऐकायला सोपं गेलं नाही. "पाच महिने मला वाटत होतं तुला ती नकोय," एवढंच ती म्हणाली आणि आत जाऊन तोंड धुऊन आली.

मामा गेला तो गेलाच होता. पहार घाटावर टाकून नावेचं डांबर बघत बसलेला मुलगा मीच होतो, हेही आता नक्की कळलं होतं. आधी शंका होती, आता साक्षीदार होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

एक तारखेला वृषाली सव्वानऊला निघाली. जिन्यात तिची पावलं वाजत होती तोवर मी दारात उभा राहिलो. हात थंड पडले होते. मी तिच्या मागे गेलो नाही.

मामी पहाटेच हरिपूरहून आली होती. ती न्हाणीघराच्या दारात भिंतीला टेकून बसली. मनवाला न्हाऊ मीच घालायचं, असं ठरलं होतं. हरिपुरातली निम्मी लेकरं जिच्या पायांवर न्हाली, तिला नुसतं बसून बघायला सांगणं म्हणजे शिक्षाच होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेऊन धरले होते.

मी बादली भरली. टॉवेल काढला, साबण घेतला, कागदावरचे बाण मनात म्हणत होतो. मनवा पाळण्यात पाय झाडत होती. मध्येच कारखान्याचा फोन आला, मी तो न घेता बंद केला आणि त्याचा मला अभिमानही वाटला. पाटावर बसलो, लुंगी वर घेतली, पाय लांब केले. मनवाला पायांवर पालथी घेतली. तांब्या हातात घेतला आणि बादलीत बुडवला.

पदराखाली मामीचा हात हलला. मला तो दिसला. तिने तो पुन्हा दाबून धरला आणि तोंडाने बोलली.

"हेमू, इसन घातलंस का पान्यात?"

मी बादलीकडे बघितलं. बादली भरलेली होती. म्हणजे घातलंच असणार, गार पाणी घातल्याशिवाय बादली एवढी वर येते कशी? फोनच्या आधी घातलं असणार. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मामी श्वास धरून माझ्याकडे बघत होती.

"आठवत नाही, मामी," मी म्हणालो.

"मग हात घालून बघ की."

मी तांब्या खाली ठेवला, कोपर पाण्यात घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं. कातडीवर लाल पट्टा उठला होता. मी गार पाण्याचा नळ सोडला आणि परत कोपर घातलं, परत नळ सोडला, परत घातलं. मग पहिला तांब्या मनवाच्या पाठीवर अगदी सावकाश ओतला. ती हसली.

दारात मामी तोंडात पदर कोंबून रडत होती. सतरा वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा बघत होतो. उठून तिच्याजवळ जावं असं मला फार वाटलं. पण पायांवर बाळ होतं, म्हणून मी जागचा हललो नाही.